बारस सोडून

सकाळी साडेआठला मोठ्याईंच्या नातवाचा फोन आला. "डॉक्टर, आजी उठंना." ओपीडीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. त्यांना तसंच सोडून मी गाडी काढली. नातेपुत्यापासून त्यांची वस्ती चार किलोमीटर. तेवढ्या वाटेत डोक्यात एकच विचार होता: काल एकादशी होती.

मोठ्याई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. गळ्यात तुळशीची माळ, जुना मधुमेह, आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या. त्यांच्या इन्सुलिनचा आणि उपासाचा मेळ मी घालून दिला होता. साखर उतरून त्या गेल्या असतील, तर चूक माझ्या हिशेबाची होती.

खाटेवर डाव्या कुशीवर निजल्या होत्या. नाडी नव्हती. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ थांबलो. डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या हलल्या नाहीत. अंग अजून कोमट होतं. थोरल्या सूनबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मटकन खाली बसल्या. त्या वेळी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते. मी मात्र नातवाला विचारलं, "वही कुठंय?"

वहीत त्याचं अक्षर: रात्री नऊ, १५८. सकाळी सहा, १३२. खाली लिहिलं होतं, 'सुई दिली. बारस सोडली. भाकरी, मुगाची आमटी, भात.' मी बोट ठेवून दोनदा वाचलं. साखर उतरलेली नव्हती. त्यांचं हृदय दोन वर्षांपासून थकलेलं होतं, गोळ्या चालू होत्या, घरच्यांनाही कल्पना होती. जेवल्या, हात धुतले, जरा पडते म्हणाल्या आणि गेल्या. मग मी सूनबाईंजवळ जाऊन बसलो.

त्यांची माझी खरी ओळख २००९ सालच्या कार्तिकी एकादशीला झाली. बेशुद्ध अवस्थेत जीपमधून आणलं होतं, लुगडं घामानं चिंब. साखर ४१. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे डोळे उघडले. मी तेव्हा तरुण होतो आणि घाबरलोही होतो, त्यामुळं चांगलाच रागावलो. म्हटलं, आजपासून उपास बंद.

"माळ घातल्याली हाय, डाक्टर. एकादशी मोडायची न्हाई. सुई मोडा की तुमी."

तोवर मी प्रत्येक उपासकऱ्याला हेच सांगत आलो होतो. सगळे मान हलवायचे आणि घरी जाऊन उपास करायचे. वर सुई मात्र रोजच्याइतकीच घ्यायचे. मला तोंडावर नाही म्हणणाऱ्या मोठ्याई पहिल्या. त्यामुळं मला पहिल्यांदा विचारावं लागलं, की तुम्ही उपासाला नेमकं खाता काय? तर दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी, आणि पुढं दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. साखर आधी उसळणार, मग रात्री सुई तिला खाली ओढणार.

आम्ही बसून ठरवलं. थोडी वरई, शेंगदाण्याची आमटी, ताक; तेही तीनदा विभागून. त्या दिवशी सुईचं माप कमी. घरी चार वेळा तपासणी. सत्तरच्या खाली आकडा आला की लगेच साखरपाणी. त्यांनी क्षणभर विचार केला. "साखर उपासाला चालती. मंग जमलं." दवाखान्यातल्या कालदर्शिकेवर त्यांच्यासमोरच मी एकादश्यांना खुणा केल्या. पुढं त्या खुणा सगळ्याच माळकरी पेशंटसाठी कामी आल्या. रमजानही त्यावर आला, रोजेदारांच्या सुईच्या वेळा बदलायला. डॉक्टरकीतलं हे शिक्षण मला मोठ्याईंनी दिलं.

माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते. त्या दिवशी त्यांच्या अंगणात एका दिंडीचं जेवण असायचं. तीन चुली, पिठलं, भाकरी, ठेचा. आणि मोठ्याई परातीपाशी. येणारा प्रत्येक जण 'माउली', मीसुद्धा. २०२० साली वारी पायी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. दिंडीसाठी ठेवलेली ज्वारी घरात तशीच. मोठ्याईंनी ती दळून आणवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुण्या-मुंबईहून आलेली माणसं विलगीकरणात होती. गावातलं कुणी फाटकाजवळ जात नव्हतं. त्यांना रोज पिठलं-भाकरी गेली, पंधरा दिवस. सरपण कमी पडलं तेव्हा गोठ्याच्या जुन्या फळ्या फोडल्या. हे मला नातवानं नंतर सांगितलं, त्या कधी बोलल्या नाहीत.

दहापर्यंत अंगण भरलं. तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं. भजनी मंडळ आलं, टाळ-मृदंग सुरू झाला. मी ओसरीवर बसून मृत्यूचा दाखला लिहीत होतो. शेजारी पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "एक दिवस आधी गेल्या असत्या तर एकादशी मिळाली असती." कोपऱ्यातून सूनबाईंचा आवाज आला, रडून बसलेला पण ठाम: "आत्याबाई बारस सोडूनच जाणार. अर्धं काय टाकलंय का त्यांनी कधी?"

दाखला सही करून दिला. निघताना विणेकरी बुवांनी मोठ्याईंच्या कपाळाला बुक्का लावला, वळून माझ्याही लावला.

दवाखान्यात माणसं तशीच बसली होती. कंपाउंडरनं माझ्या कपाळाकडं बघितलं, काही विचारलं नाही, पहिला केसपेपर पुढं ठेवला.