एक इंचाची चकती, दोन इंचांची उंची

खोकं उघडलं आणि वाटलं, चुकीचा माल आला. मागवला होता माझ्या पिकअपचं नाक दोन इंच उचलणारा संच, आणि हातात आलेली ॲल्युमिनियमची चकती जेमतेम एक इंच जाड. मोजून पाहिली, 25 मिमी. परत पाठवायच्या आधी मामांना फोन लावला. त्यांचं अख्खं आयुष्य गॅरेजात गेलंय.

"अरे, शॉकअप काय चाकावर उभा असतो? तो आत, आर्मच्या मध्यावर कुठेतरी. दार बिजागरीजवळ बोटभर ढकल, कडीपाशी वीतभर उघडतं. तसंच हे."

म्हणजे माल बरोबर होता, माझाच हिशेब चुकला होता. आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा; शॉकअपपाशी एक इंच, तर चाकापाशी दोन. हे प्रमाण प्रत्येक गाडीत वेगळं असतं, त्यामुळे चकतीच्या जाडीवरून नव्हे, चाकापाशी किती उंची मिळेल यावरून संच निवडायचा.

रिकाम्या पिकअपचं नाक खाली आणि बूड वर असतं, ते कारखान्यात मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. हौद्यात माल पडला की मागचं बसतं आणि गाडी सरळ होते. माझ्या हौद्यात बहुतेक वेळा वाराच असतो, म्हणून हा खटाटोप. रोज भरून चालवणाऱ्याने यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांपाशी मापं घेतली. जमिनीपासून घेतली नाहीत, कारण मग टायरमधली हवाही त्यात येते. पुढे डावीकडे 528 मिमी, उजवीकडे 533, मागे दोन्हीकडे 580 च्या आसपास. गॅरेजच्या भिंतीवर हेडलाइटचा झोत पडतो तिथे चिकटपट्टी लावून ठेवली. त्या दिवशी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

मागच्या चाकांना ठोकळे लावले, चेसिसखाली स्टँड दिले, दोन्ही पुढची चाकं काढली. स्टॅबिलायझर बारची (डाव्या-उजव्या आर्मना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक दोन्ही बाजूंची सोडली. एकाच बाजूची सोडली तर बार दुसरीकडून आर्म वर ओढत राहतो. ब्रेकच्या नळीचा आणि एबीएसच्या वायरीचा क्लिप सोडला. वरच्या बॉल जॉइंटचा (आर्म आणि नकल यांच्यामधल्या सांध्याचा) नट सैल केला, पण दोन-तीन आटे ठेवूनच, आणि नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या, कानावर हातोडा घातला. तिसऱ्या ठोक्याला टण्णकन सुटला. नट पूर्ण काढला असता तर सगळा डोलारा झपकन खाली आला असता. नट काढल्यावरही नकल दोरीने बांधून ठेवला, नाहीतर तो बाहेर कलंडतो, ब्रेकची नळी ताणली जाते आणि फोर बाय फोर गाडीत ॲक्सलचा जॉइंट आतून निसटू शकतो.

शॉकअपच्या डोक्यावर कडेला तीन नट आणि मधोमध एक मोठा. मामांनी दोनदा बजावलं होतं, "मधल्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती तोंडावर येईल." शॉकअप खोलून स्प्रिंगवर बसवायचे स्पेसरही (उंची वाढवणाऱ्या चकत्या) मिळतात. त्यांच्यासाठी स्प्रिंग दाबायचं यंत्र लागतं आणि ते काम घरचं नव्हे. माझा डोक्यावर बसणारा होता, म्हणून कडेचे तीनच नट काढायचे होते.

चकतीला खाली भोकं असतात आणि वर तिच्या स्वतःच्या खुंट्या, पण दोन्ही एका रेषेत नसतात. पहिल्या बाजूला मी ती घाईने कशीही बसवली. शॉकअप वर टांगला, तर खालची कडी आर्मपासून तिरपीच. तासभर पहारीने झटापट केली, मग निमूट खाली उतरवून परत बसवला. दुसऱ्या बाजूला खडूने आधी खूण केली आणि दहा मिनिटांत झालं.

आता शॉकअपची लांबी एक इंच वाढली होती, म्हणून आर्म तेवढा खाली जायला हवा होता. तो जाईना, तेव्हा आर्मचे चेसिसकडचे बोल्ट सैल केले. ते अलाइनमेंटचेही (चाकांचे कोन जुळवण्याचे) असतात, म्हणून आधी रंगाने खुणा केल्या. आर्म खाली गेला, शॉकअपचा खालचा बोल्ट बसला, आणि त्या आनंदात मी गाडी स्टँडवर असतानाच सगळं टॉर्क पान्याने आवळून टाकलं.

चाकं लावून गाडी उतरवली. माप घेतलं तर 62 मिमी वाढ! जॅकवरून उतरताना टायर जमिनीला धरून बसतात हे माहीत होतं, म्हणून गाडी पुढेमागे करून पुन्हा मोजलं. 56. तरी जास्तच. वर खड्ड्यात गेली की करकर वाजायची. फोनवर मामांनी एकच विचारलं, "आर्मचे बोल्ट हवेत आवळलेस ना?" आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबत असताना आवळलं की ते त्याच अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली बसली की कायम पिळलेलं राहतं, पुढे फाटतं. चाकं जमिनीवर ठेवून, गाडीखाली आडवा होऊन बोल्ट सैल केले. डावीकडे "टक्" असा आवाज आला आणि गाडी बसल्याचं अंगाला जाणवलं. पुन्हा आवळले. माप 46. मागचं अजून थोडंसं वर आहे, आणि मला तेवढंच हवं होतं.

अलाइनमेंटला जाईपर्यंत स्टिअरिंग वाकडं होतं आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटत होती. नाक वर गेलं की टो (चाकांचं तोंड आत-बाहेर किती) आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा) बदलतात, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) कमी होतो. माझ्या गाडीत सगळं मर्यादेत बसलं. फार जास्त उचललं की वरचा आर्म स्प्रिंगला घासायला लागतो आणि तोही बदलावा लागतो. चाक पूर्ण लोंबतं ठेवून तिथे बोट घालून पाहिलं, जागा आहे. ॲक्सलचे रबरी बूटही तपासले.

हेडलाइट मात्र विसरलो. पहिल्याच रात्री समोरचा प्रत्येक जण डिपर मारत होता. घरी येऊन चिकटपट्टीसमोर गाडी उभी केली, तर झोत तिच्या बराच वर. स्क्रू फिरवून खाली आणला.

परवा हौद्यात सिमेंटच्या आठ गोण्या टाकल्या. मागचं बसलं, नाक वर, आणि पुन्हा डिपर सुरू.