जांभळी इरकल आणि पांढरी भिंत

गेल्या आठवड्यात ठाण्याला नौपाड्यात आईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण देता देता तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला धरलं. "अगं, एवढी वर्षं तिथे गॅलरी चालवतेस म्हणे. पण दिवसभर करतेस तरी काय? आणि अंगात काय घालतेस?" तोंडात तिळगूळ होता, मागे पाच जणी खोळंबल्या होत्या, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. काकू, हे सगळं तुमच्यासाठी लिहितेय.

कपड्यांपासूनच सुरुवात करते, कारण प्रश्न रास्त आहे. मी राहते त्या जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये गॅलरीवाले बहुतेक काळ्या कपड्यांत दिसतात. काळा कोट, काळी पँट, फार तर चष्म्याची फ्रेम रंगीत. सतरा वर्षांपूर्वी एका गॅलरीत मदतनीस म्हणून लागले तेव्हा मीही तसेच कपडे घेतले. फोटो पाहून आईचा फोन आला, "बाराही महिने संक्रांत का गं?" त्या काळ्यामागे विचार आहे आणि तो मला पटतो. आलेल्या माणसाची नजर आधी चित्राकडे जावी, आपल्याकडे नंतर.

फ्लिंगर्न भागात स्वतःची जागा घेतली तेव्हा मात्र मी काळा सोडला. एरवी खादीचा कुर्ता, खाली लोकरी पायजमा आणि सपाट बूट, कारण दिवसातून चारदा शिडीवर चढावं लागतं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला साडी. ती कुठली, हे चित्रं टांगून झाल्यावर ठरतं. संध्याकाळी दिवे लावून, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून मी भिंती बघते आणि मग कपाट उघडते. राखाडी, धुरकट चित्रं असतील तर गडद हिरवी इरकल आणि खणाचं पोलकं चालतं. भडक रंगांची असतील तर कोऱ्या सुती साडीपलीकडे मी जात नाही.

ही शिस्त मी कुठल्या कलाशाळेत शिकले नाही. लहानपणी आई मला गोखले रोडवरच्या एका साडीच्या दुकानात न्यायची. पांढरीशुभ्र गादी आणि तिच्यावर पांढऱ्या सदऱ्यातले विक्रेते काका. ते साडीची घडी मोडायचे, एका झटक्यात पदर पसरायचे आणि गप्प बसायचे. आईने विचारल्याशिवाय एक शब्द नाही. दुसरी साडी काढण्याआधी पहिली बाजूला सारायचे, एकावर एक ढीग कधीच नाही. पुढे पांढऱ्या भिंतीवर दोन चित्रांमध्ये किती जागा सोडायची हा प्रश्न पडला, तेव्हा मला ते काका आठवले. आजही नव्या मदतनीस मुलांना मी ती गादी वर्णन करून सांगते.

आता दिवसाविषयी. मंगळवार ते शनिवार गॅलरी उघडी असते. सकाळी ऱ्हाईन नदीच्या काठाने चालून येते, मग इमरमानश्ट्रास या रस्त्यावर थांबते. तिथे जपानी वस्ती आहे, तांदूळ चांगला मिळतो. अकराला दार उघडायचं. चित्रं बघणं हे कामाचा फार छोटा भाग आहे. उरलेला वेळ पत्रव्यवहार, विमा, खोकी, पावत्या. एखादं चित्र आलं की त्याचा कोपरा न् कोपरा तपासून कुठे ओरखडा आहे, कुठे कागद फुगलाय याची नोंद करायची. कागदावरच्या कामांना पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच उजेड द्यायचा, नाहीतर रंग उडतात. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. पाणसळ लावून बघायचं, तरी शेवटी डोळाच खरा. दर प्रदर्शनानंतर खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून भिंत नव्याने पांढरी करायची. हे काम मी कुणाला देत नाही.

पैशाचंही सांगते, कारण तेही हळूच विचारलं गेलं. विकल्या गेलेल्या चित्राची किंमत साधारणपणे चित्रकार आणि गॅलरी निम्मी-निम्मी वाटून घेतात. माझं पहिलं प्रदर्शन सहा आठवडे चाललं आणि एकही चित्र गेलं नाही. भाडं मात्र दोनदा भरावं लागलं. त्या काळात रात्री झोप लागायची नाही.

तिथली एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. १९८३ पासून जर्मनीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलावंतांसाठी सामाजिक विमा आहे. आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि आजारपणातली शुश्रूषा यांच्या हप्त्याचा निम्मा भाग कलावंत भरतो. उरलेला अर्धा सरकार आणि आमच्यासारखे कलावंतांकडून काम घेणारे मिळून भरतात. चित्रकाराला दिलेल्या रकमेवर दर वर्षी मला ठरावीक टक्के त्यासाठी द्यावे लागतात. ते पैसे देताना माझ्या मनात कुरकुर येत नाही. ठाण्यात चाळिशीनंतर ब्रश खाली ठेवून शिकवण्या धरलेले किती जण मला माहीत आहेत!

आणि प्रेरणा? त्या विचारल्यात तर मी आधी एका बाईचं नाव घेईन: योहाना एय. जन्म १८६४, मृत्यू १९४७. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीजवळ तिचं पाव आणि कॉफीचं छोटं दुकान होतं. विद्यार्थी चित्रकार उधारीवर खायचे आणि पैसे नसले की चित्र ठेवून जायचे. आपल्याकडे खानावळवाल्या मावशी वहीत लिहून ठेवतात तसंच, फक्त तिची वही भिंतीवर लागली. बघता बघता दुकानाची गॅलरी झाली आणि ती सगळ्यांची 'मुटर एय', म्हणजे एय आई. ऑटो डिक्स या जर्मन चित्रकाराने १९२४ मध्ये तिचं चित्र काढलं. जांभळा पोशाख, केसांत मुकुटासारखी फणी, थोराड देह आणि नजरेत जराही संकोच नाही. त्या चित्रापुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा कितीतरी वेळ हललेच नाही. ती कुठे शिकली नव्हती. तिने आधी पोरांना जेवू घातलं आणि मग त्यांची चित्रं बघितली. नाझी राजवटीत तिचं दालन बंद पडलं. आज त्या शहरात तिच्या नावाचा रस्ता आहे.

दुसरी प्रेरणा आपल्या घराजवळची आहे आणि ती मला तिथे गेल्यावर कळली. गॅलरीत एकदा एक वृद्ध गृहस्थ आले. मी ठाण्याची म्हटल्यावर त्यांनी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव घेतलं. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टपालास्ट संग्रहालयात मशे आणि इंग्लिश शिल्पकार रिचर्ड लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. मासेमारीच्या जाळ्याचं चित्र त्यांनी हवेत बोटांनी काढून दाखवलं. मी मात्र वारली चित्रं पाहिली होती ती शाळेच्या भिंतीवर आणि चहाच्या कपांवर! मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. लग्नाचा चौक लिहिणं हे वारली बायकांचं काम. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर. मशे यांनी ती रेघ लग्नाच्या चौकातून बाहेर काढली आणि रोज लिहिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांना भेटायला जायचं मी दोन सुट्ट्यांमध्ये पुढे ढकललं होतं. ते अजून सलतं.

तेव्हापासून दर खेपेला मी डहाणूकडे एक दिवस तरी जाते. एका कुडाच्या भिंतीपुढे बसून एका बाईंना विचारलं, "मध्ये एवढी जागा मोकळी का ठेवलीत?" त्या म्हणाल्या, "वारा जायला नको का?" या मार्चमध्ये माझ्याकडे कागदावरच्या रेखाटनांचं प्रदर्शन आहे. तेवीस कामं आहेत. मी सोळाच लावणार आहे.

परवा आईबरोबर त्याच साडीच्या दुकानात गेले. गादी तशीच पांढरी आहे. जुने काका आता नाहीत, त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव बसतात. म्हटलं, जांभळ्यात काही दाखवा. त्यांनी कपाटातून एकच इरकल काढली, पदर झटक्यात पसरला, टोप-तेणीचा लाल-पांढरा भाग बरोबर माझ्यासमोर येईल असा, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पदराकडे पाहत होते.

"बांधा," आई म्हणाली.