न पेटलेले डिझेल

गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरची, म्हणजे जोरदार फवाऱ्याने गाड्या धुण्याच्या यंत्रांची, दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे जळालेली यंत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. परंतु मे महिन्यातील त्या दुपारी जळगाव जिल्ह्यातील पाळधीच्या पुढील एका वॉशिंग सेंटरवरून आलेली तक्रार 'बर्नर पेटत नाही' एवढीच होती.

मी पोहोचलो तेव्हा धुराड्यातून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत होता आणि तेथील मुलगा बर्नरचे बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. "बटन दाबी दाबी थकनू भाऊ, पण पेटत नही," तो म्हणाला. धूर काळा असता तर मी इतका धास्तावलो नसतो, कारण काळ्या धुराचे डिझेल निदान अर्धवट तरी जळत असते. पांढरा धूर म्हणजे मुळीच न जळता तापलेल्या कॉइलवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या वेटोळ्या नळीवर, वाफ होणारे डिझेल. मी प्रथम मुख्य स्विच आणि डिझेलचा कॉक बंद केला व शेजारी उघडा ठेवलेला कॅन दूर नेला. उन्हाचा पारा त्रेचाळिसावर असताना कॉइल निवण्याची वाट पाहणे कंटाळवाणे होते, पण गरम ज्वलनकक्ष उघडण्याचे धाडस मी करीत नाही.

उघडल्यावर तळाशी सुमारे लिटरभर डिझेल निघाले. मिनिटाला १५ लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवणारा बर्नर तासाला साधारण ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिलिलिटर डिझेल फवारतो. दहा मिनिटांच्या खटाटोपाचा हिशेब तंतोतंत जुळला. इलेक्ट्रोडच्या चिनी मातीला तडा गेल्याने ठिणगी पडत नव्हती. ती एकदा जरी पडली असती, तरी साचलेले सारे एकदम भडकून ज्वाळा त्या मुलाच्या तोंडावर आल्या असत्या.

वास्तविक ज्योत दिसली नाही तर फोटोसेलने, म्हणजे ज्योतीचा उजेड ओळखणाऱ्या भागाने, काही सेकंदांत डिझेल तोडायला हवे होते. मात्र येथे जिनिंगचे, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यांचे, ट्रक धुतले जात असल्याने पंख्याच्या जाळीत कापसाची रुई अडकली होती, हवा कमी पडून काजळी धरली होती, काजळीने फोटोसेल आंधळा होऊन यंत्र वारंवार बंद पडू लागले होते आणि शेवटी कोणीतरी कंट्रोल बॉक्स वगळून सोलेनॉइडला, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेला, थेट वीज दिली होती. तो 'कोणीतरी' माझ्याच दुकानात शिकलेला निघाला. दोष शोधताना तात्पुरती वायर जोडण्याची युक्ती मीच त्याला दाखवली होती. ती काढल्याशिवाय यंत्र ग्राहकाच्या हाती द्यायचे नाही, हे मी किती वेळा बजावले होते, ते मला आठवेना.

डिझेल टिपून घेतले, चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून उघड्यावर ठेवल्या, कक्षात काही मिनिटे नुसता पंखा फिरवला. जाळी व कॉइलवरील काजळी साफ करून इलेक्ट्रोड बदलले आणि ती वायर कापून मूळ जोडणी केली. बर्नर पेटल्यावर मालक समाधानाने बिलाचे विचारू लागले, तेवढ्यात मी फोटोसेल बाहेर ओढून मुठीत झाकला. काही सेकंदांत ज्योत विझली आणि मुलाचा चेहरा पडला. "परत बंद पडनं ना भाऊ," तो म्हणाला. मी फोटोसेल त्याच्या हातात दिला आणि तीच चाचणी त्याला स्वतः दोनदा करायला लावली.