माडापोफळींतून सिग्नल काढताना, आमची वाटचाल

आमचं घरोघरी इंटरनेट पोचवायचं काम गोव्यातल्या वाळपईत सुरू झालं, मी, धाकटा भाऊ आणि एक शिडी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी तालुक्यातली पोरं ऑनलाईन क्लाससाठी डोंगरावर जाऊन बसायची, ते बघून जीव तुटायचा, तेव्हाच ठरवलं की नेट घरापर्यंत न्यायचं. गावोगाव केबल ओढणं परवडणारं नव्हतं म्हणून टेकडीवर टॉवर आणि गिऱ्हाइकाच्या घरावर पाईपला ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, म्हणजे टॉवरचा सिग्नल पकडणारी डिश.

मे महिन्यात लावलेलं सगळं मस्त चालायचं, उणे ६२ डीबीएम वगैरे (हे सिग्नलच्या जोराचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), आणि जून लागला की फोन सुरू, बघतो तर उणे ७८. आम्हाला वाटायचं पाऊस अडवतोय, पण दोनेक किलोमीटरच्या लिंकवर या फ्रिक्वेन्सीला पावसाने फारसं काही होत नाही, अडवतात ती भिजलेली पानं. टॉवर डोळ्याला दिसतोय म्हणजे झालं असं आम्ही धरून चाललेलो ते चूक होतं. टॉवर ते डिश या सरळ रेषेभोवती सिग्नलला जायला फुगीर जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात; २ किलोमीटरच्या लिंकला मधोमध तिची त्रिज्या साधारण ५ मीटर असते, त्यातला निदान ६० टक्के म्हणजे रेषेच्या चारी बाजूंनी ३ मीटर तरी मोकळा हवा, आणि आमची रेषा पोफळींच्या शेंड्यांना घासून जात होती!

एका काकींनी दारचा फणस तोडू दिला नाही, बरोबरच होतं त्यांचं. मग पाईप कौलांवरून काढून गोठ्याच्या कोपऱ्यावर नेला, जेमतेम आठ पावलं बाजूला, आणि भर पावसात उणे ६४ आला. तेव्हापासून आधी जागा बदलून बघतो, मोठ्या डिशचा खर्च गिऱ्हाइकाला नंतर सांगतो.

डिश फिरवताना पहिला चांगला आकडा दिसला की बोल्ट आवळायचा नाही, तो साईड लोब, म्हणजे डिशच्या मुख्य झोताच्या बाजूचा कमजोर झोत, असू शकतो. पूर्ण डावी-उजवी, मग वर-खाली, थोडं हलवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि आवळल्यावर परत बघायचं कारण आवळताना डिश सरकते. रेडिओच्या दोन्ही चेनमध्ये (सिग्नल घेणाऱ्या दोन वाटांमध्ये) तीन-चार डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी अडतंय किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय.

पेडण्याच्या किनाऱ्याकडे गोष्ट वेगळी, तिथे आजूबाजूच्या वायफायचाच गोंगाट. चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली की नॉईज ३ डीबीने उतरतो, वरचा स्पीड कमी होतो पण लिंक तुटत नाही. खाऱ्या वाऱ्याला क्लॅम्प स्टेनलेसचेच.

आता प्रत्येक घराचा आकडा वहीत दोनदा लिहितो, लावताना आणि जुलैत. काकींकडे कालच जाऊन आलो, उणे ६५ आहे.