याकोब सेईरला गेलाच नाही

भावांच्या समेटावर प्रवचन असलं की बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय हमखास निघतो आणि बहुतेक वेळा चौथ्या वचनापाशीच आटोपतो. एसाव धावत आला, याकोबाच्या गळ्यात पडला, दोघे रडले, आमेन. अध्यायात वचनं वीस आहेत. उरलेल्या सोळांत जे घडतं ते भाऊबंदकी जवळून पाहिलेल्या माणसाला मिठीपेक्षा जास्त ओळखीचं वाटेल. आणि बत्तिसाव्या अध्यायातली तयारी वगळली तर ती मिठीही नीट कळत नाही.

आधी देणं किती होतं ते पाहू. धाकट्या याकोबाने थोरल्या एसावाकडून दोन गोष्टी घेतल्या. ज्येष्ठत्वाचा हक्क भाकरी आणि मसुरीच्या वरणावर घेतला. सौदा हलकट खरा, पण सौदाच. एसावाने शपथ घेऊन तो विकला. दुसरी गोष्ट मात्र सरळ फसवणूक. आंधळ्या बापापुढे भावाचे कपडे घालून, हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळून त्याने आशीर्वाद लाटला. त्या आशीर्वादातलं एक वाक्य (२७:२९) लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: तू आपल्या भावांचा स्वामी हो, तुझ्या आईचे मुलगे तुला नमन करोत.

एसावाने ठरवलं, बाप गेला की याला मारायचं. त्यांची आई रिबका हिने धाकट्याला हारानला आपल्या भावाकडे, लाबानाकडे, पाठवलं. थोडे दिवस राहा, त्याचा राग उतरला की मी निरोप धाडते, असं म्हणाली. कातड्यांची युक्ती तिचीच, शापही माझ्या माथी येऊ दे असं तीच म्हणाली होती. आणि आता म्हणते, ‘तू त्याला जे केलंस ते तो विसरेल.’ घरातल्या घरात मध्यस्थी करणारं माणूस स्वतःच पक्षकार असलं की असं होतं. तिने निरोप पाठवल्याचा उल्लेख कुठेही नाही. थोड्या दिवसांची २० वर्षं झाली.

परत निघालेल्या याकोबाने आधी सेईर मुलखात राहणाऱ्या एसावाकडे माणसं पाठवली, आणि हा पहिला निरोप फसला. लाबानाकडे राहिलो, बैल, गाढवं, मेंढरं, दासदासी आहेत, आपली कृपा व्हावी. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही, वर श्रीमंतीची यादी! उत्तरादाखल शब्द आलाच नाही. बातमी आली ती एवढीच की एसाव ४०० माणसं घेऊन निघालाय. त्यांचा आजोबा अब्राहाम याने पुतण्या लोटाला सोडवायला नेली होती ३१८, त्यामुळे आकडा किरकोळ नाही. एसावाच्या मनात काय होतं ते मात्र मजकूर सांगत नाही. प्रवचनात त्या माणसांना सर्रास ‘फौज’ म्हटलं जातं. ती भीती याकोबाची आहे.

घाबरून त्याने कबिल्याचे दोन तळ केले, म्हणजे एक कापला गेला तर दुसरा पळेल. मग प्रार्थना केली. आणि मग खरं काम सुरू केलं.

भेटीची यादी मुद्दाम सबंध देतो, कारण लोक ती भरभर वाचून पुढे जातात: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी पिल्लांसकट, ४० गाई, १० वळू, २० गाढवी, १० गाढव. पिल्लं सोडून ५५० जनावरं. माद्या आणि नर यांचं प्रमाण बघा. शेळ्यामेंढ्यांत दहाला एक, गाईंत चाराला एक, गाढवांत दोनाला एक. राशीसारख्या मध्ययुगीन भाष्यकारानेही ते हेरलं आहे. हा कापून खायचा माल नव्हे. पुढच्या वेतापासून वाढणारं भांडवल आहे. ज्येष्ठत्वाचा हक्क म्हणजे मिळकतीत दुप्पट वाटा (बायबलातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, २१:१७), त्यामुळे ही भेट मला नजराण्यापेक्षा परतफेडीच्या जास्त जवळची वाटते.

कळप एकदम सोडले नाहीत. वेगवेगळे केले, दोन कळपांत अंतर ठेवायला लावलं आणि प्रत्येक हाक्याला एकच उत्तर पढवलं: हे आपला दास याकोब याचं, माझे स्वामी एसाव यांना भेट, आणि तो स्वतः मागून येतोय. तापलेल्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आणि दर वेळी तेच नम्र उत्तर ऐकायचं. शेवटचं ‘तो मागून येतोय’ फार महत्त्वाचं. ते नसतं तर ही लाच ठरली असती.

त्याच रात्री यब्बोक नदीच्या उताराशी याकोबाची एका अनोळखी पुरुषाशी झुंज झाली, जांघेचा सांधा निखळला, इस्राएल हे नाव मिळालं. त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. इथे एवढंच की सकाळी भावाला भेटायला निघालेला माणूस लंगडत होता, पळण्याच्या स्थितीत नव्हता.

दासी आणि त्यांची मुलं पुढे, मग बायको लेआ, सगळ्यांत मागे लाडकी बायको राहेल आणि तिचा मुलगा योसेफ. आवडीचा क्रम उघडउघड लावला, आणि पुढे योसेफावर जे बेतलं त्याचं मूळ तिथेही दिसतं. पण स्वतः मात्र सगळ्यांच्या पुढे गेला आणि भावाजवळ पोचेपर्यंत सात वेळा भूमीपर्यंत लवला. सात हा आकडा भक्तिभावाचा नाही, दरबारी आहे. इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या पत्रांत कनानचे मांडलिक फारोला हेच लिहितात: स्वामींच्या पायाशी सात वेळा आणि सात वेळा पडतो. आता तो आशीर्वाद आठवा. स्वामी व्हायचं होतं याकोबाने, नमन करायचं होतं भावाने. इथे लवतोय याकोब, आणि या दोन अध्यायांत ‘माझे स्वामी’ हे शब्द आठ वेळा येतात. एसाव म्हणतो एकदाच, ‘माझ्या भावा’. कळप नको म्हणणाऱ्या एसावाला याकोब आग्रह करतो तेव्हा मूळ हिब्रूत ‘माझा आशीर्वाद घे’ असंच आहे. ‘माझं चुकलं’ हे शब्द याकोबाच्या तोंडी एकदाही नाहीत. जे घेतलं ते हातांनी परत केलं, तोंडाने कबूल केलं नाही. ही उणीव आहे असं माझं मत, आणि पुढचा अविश्वास तिथूनच येतो.

एसाव शेवटी कळप घेतो, आणि तेही आवश्यक होतं. ‘छे छे, मला काही नको’ म्हणणारा भाऊ उदार दिसतो, पण समोरच्याचं ओझं तसंच ठेवतो.

मिठीबद्दल जुन्या वाचकांनाही शंका होती. हिब्रू पोथ्यांत ‘त्याचे चुंबन घेतले’ या शब्दावर टिंबं आहेत. ती का, यावर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, भांडले. एक म्हणतो चुंबन मनापासून होतं, दुसरा म्हणतो चावायचाच बेत होता. मला पहिला पटतो. ज्याच्यामागे ४०० माणसं आहेत त्याला नाटक करायची गरज काय?

आता ती वगळलेली वचनं. एसाव म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, पोरं नाजूक, जनावरं दूध पाजणारी, एक दिवस जास्त हाकली तर मरतील. आपण पुढे व्हा, मी सावकाश सेईरला येतो. एसाव म्हणतो, बरं, थोडी माणसं ठेवतो. याकोब म्हणतो, कशाला उगाच? एसाव त्याच दिवशी दक्षिणेला सेईरच्या वाटेला लागतो. याकोब जातो सुक्कोथला, यार्देनेच्या खोऱ्यात, आणि तिथे घर बांधतो, गुरांना खोपटी घालतो. सेईरला गेल्याची नोंद कुठेच नाही. दोघे पुन्हा एकत्र दिसतात ते बापाला पुरताना. त्याच मृत्यूनंतर एसाव याकोबाला मारणार होता. नंतरही गुरंढोरं इतकी की एका मुलखात मावेनात, म्हणून एसाव लांब राहतो (३६:७). वैर मिटलं, बिऱ्हाडं वेगळीच राहिली. याला अर्धवट समेट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका छपराखाली आणण्याचा हट्ट धरला असता तर वर्षाच्या आत चाऱ्यापाण्यावरून पुन्हा जुंपली असती.

योसेफाचं प्रकरण उलट्या बाजूने आहे. भावांनी त्याला गुलाम म्हणून विकलं, पुढे तो इजिप्तचा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्या दारी आले. तिथे सत्ता दुखावलेल्याच्या हातात. तो भावांना लगेच जवळ करत नाही. जुनाच प्रसंग पुन्हा उभा करतो. राहेलचाच मुलगा बन्यामीन, बापाचा लाडका, ताटात इतरांच्या पाचपट वाढलेलं, आणि गोणीत चांदीचा प्याला. बन्यामीनला गुलामीत सोडा आणि खुशाल घरी जा, अशी सोय करून देतो. २० रुप्यांना भाऊ विकू या असं सुचवणारा यहूदा होता. तोच आता म्हणतो, याच्याऐवजी मला ठेवा. माणूस बदलला हे योसेफाला तेव्हाच कळतं. ज्यू पंडित रामबाम (मैमोनिदीस) याने बाराव्या शतकात पूर्ण पश्चात्तापाची हीच कसोटी लिहिली: तोच प्रसंग, तीच संधी, आणि तरी माणूस तसं करत नाही.

पण क्षमा मागितली केव्हा? त्या दिवशी नाही. याकोब इजिप्तमध्ये १७ वर्षं जगला. तो गेल्यावर भाऊ धास्तावले आणि बापाच्या नावाने निरोप धाडला की मरण्यापूर्वी बाबांनी सांगितलंय, भावांना क्षमा कर. बापाने असं सांगितल्याचं आधी कुठेही आलेलं नाही, बहुधा रचलेलंच. योसेफ रडला. ‘मी काय देवाच्या ठिकाणी आहे?’ म्हणाला, तुमचं आणि तुमच्या पोरांचं पोषण करीन म्हणाला. ‘क्षमा केली’ असं तोही म्हणत नाही.

त्या निरोपात विनवणीचा शब्द तीनदा येतो. त्यावरूनच तालमूद या ज्यू धर्मग्रंथात नियम निघाला की क्षमा तीनदा मागावी, त्याहून जास्त मागण्याचं बंधन नाही. रामबाम तपशील देतो: दर वेळी तीन माणसं बरोबर न्यावीत, तीनदा नाकारली तर दोष नाकारणाऱ्याचा. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जावं आणि त्याचं नाव घेऊन कबुली द्यावी. पैशाचं देणं असेल तर ते वारसांना चुकतं करावं, आणि वारस ठाऊक नसतील तर न्यायसभेकडे भरावं.