तुम्ही विचारलंत म्हणून: प्रायमरीत मत का देत नाही?

"वहिनी, २००८ मध्ये मत देता येत नव्हतं तेव्हा हिलरी क्लिंटनसाठी दारोदार फिरलात. आता नागरिक झालात, तर प्रायमरीत मत का देत नाही?"

मंडळाच्या गणपतीत, डोहाळजेवणात, किराणा दुकानाच्या रांगेत. इतक्या जणांनी विचारून झालंय की माझी उत्तरं पाठ आहेत. न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, जूनमध्ये, तोवर सगळं आटपलेलं असतं. २०२० मध्ये तर करोनामुळे ती ७ जुलैवर गेली आणि बायडेनना टक्कर देणारे सँडर्स एप्रिलमध्येच बाहेर पडले होते. २०२४ मध्ये लढत होतीच कुठे? सगळी उत्तरं खरी आहेत. पण नोव्हेंबरात, मुख्य निवडणुकीला, तुम्ही मला मतदानाच्या रांगेत बघता, म्हणून ती तुम्हाला पटत नाहीत. मलाही नाहीत.

२०२० मध्ये माझी कुठल्याच पक्षात नोंद नव्हती. त्यामुळे घरी मतपत्रिकेऐवजी टपाली मतदानाचा अर्ज आला. पक्ष निवडा, सही करा, पाठवा, एवढंच काम. मी पेन घेऊन बसले, मग कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. तो अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या चेकबुकांखाली.

तेव्हा प्रचाराचं वेड होतं हे कबूल. आमच्या सांगलीकडे तिकीट वरून यायचं. अण्णा एका पक्षाचे साधे कार्यकर्ते. एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतोय यासाठी रात्र-रात्र लोकांच्या ओसरीवर ताटकळलेले मी पाहिलेत. आणि इथे उमेदवार कोण हे म्हणे लोकच ठरवणार! मी एच-फोरवर होते, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या बायकोच्या व्हिसावर. नोकरीला बंदी, मताला बंदी. फुकट राबायला मात्र बंदी नव्हती.

हिलरीच का, हेही विचारता. आमच्याकडे शनिवारी जमणारी मित्रमंडळी म्हणायची, "नवऱ्याच्या जिवावर आलीय ती." मी चहाचा ट्रे घेऊन उभी, पासपोर्टात 'डिपेंडंट'चा शिक्का. आणखी कारण हवंय? वर तिचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी ओबामा, त्यांच्या प्रचारातून २००७ च्या जूनमध्ये ते टिपण बाहेर आलं होतं, हिलरी म्हणजे 'पंजाबच्या डेमोक्रॅट', भारतीयांशी जवळीक असल्याचा टोमणा. ओबामांनी नंतर चूक कबूल केली. आमचा पंजाबशी संबंध छोले-भटुऱ्यापुरता, पण राग यायचा तो आलाच.

नवरा ओबामांचा. त्यामुळे २००८ चे पहिले सहा महिने घरात दोन पक्ष. गावाहून आणलेल्या दोनशे पानी वहीत मी प्रतिनिधींचा हिशोब ठेवायचे. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात ते हे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटलेले. चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात ६० टक्के मतं घेतली तरी वाटणी दोन-दोन. तीनच्या मतदारसंघात ५१ टक्क्यांतही दोन-एक. म्हणजे मोठा विजय वाया आणि काठावरचा फायद्याचा! टेक्सासात मतं जास्त हिलरीला, प्रतिनिधी जास्त ओबामांना. नेवाडातही तसंच. मी रात्री दीड वाजता नवऱ्याला उठवून म्हणायचे, "हा काय न्याय झाला?" तो म्हणायचा, "नियम आधीच ठरले होते." आणि कूस बदलायचा. या वाक्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. तुम्ही ऐकलेली अबोल्याची गोष्ट ती हीच, महिनाभराची नव्हे.

आता ते, जे कुणाला सांगितलं नाही.

पेनसिल्व्हेनियाचं मतदान २२ एप्रिलला होतं. त्याआधीच्या एका शनिवारी एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या गाडीतून डेलावेअर नदी ओलांडून आम्ही लेव्हिटाउनला गेलो. एकसारखी घरं, आणि एका भागातल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षरानं सुरू होणारी, त्यामुळे मी दोनदा चुकले. हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेली मतदारयादी. प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे पक्की आपली, पाच म्हणजे पक्की त्यांची. बोलणं झालं की आकड्याला गोल करायचा.

त्या घराच्या पायरीवर प्लास्टिकचा ससा होता, ईस्टर उलटून गेलं तरी ठेवलेला. दार उघडणाऱ्या आजी सत्तरीच्या असतील. माझे हात गारठलेले बघून त्यांनी ते आपल्या हातात घेतले. कुठची, मुलं किती, इथे करमतं का, सगळं विचारलं. सहा महिन्यांत मला एवढ्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, मत हिलरीलाच, काळजी करू नको. मी खूश. पुढे आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, त्या काळ्या माणसाला या घरातून मत जाणार नाही. माझा चेहरा बदलला असावा, कारण त्यांनी माझा हात थोपटला. तुमच्या लोकांचं तसं नाही हं, तुम्ही लोक कष्टाळू.

आणि मी 'थँक यू' म्हणाले.

पायऱ्या उतरले. सशापाशी थांबले आणि एकच्या आकड्याला गोल केला. गोल नीट जुळला नाही, म्हणून पुन्हा गिरवला.

आता तुम्ही म्हणाल, मग काय करायला हवं होतं? मीही हेच म्हणते. यादीत कुणाला एवढंच विचारलं होतं, का ते विचारायला रकानाच नव्हता. पाचवर गोल केला असता तर ते खोटं झालं असतं. मत ते मत. पण अण्णा यादी घेऊन बसायचे तेव्हा आडनाव बघून खुणा करत जायचे, हा आपला, हा त्यांचा, कुणाला न विचारता. मी सोळाव्या वर्षी त्यांच्याशी त्यावरून भांडले होते, जेवण टाकलं होतं. ती सोळा वर्षांची पोरगी त्या दिवशी लेव्हिटाउनला सोबत असती तर? तिला म्हणाले असते, गप बस, तुला मत मोजता येत नाही. तिनं ऐकलं नसतं, हे वेगळं.

महिनाभर आधी, १८ मार्चला, ओबामांचं फिलाडेल्फियातलं वंशभेदावरचं भाषण नवऱ्यानं मला बोलावून ऐकवलं होतं. मी म्हटलं होतं, छान बोलतो, पण बोलतोच. लेव्हिटाउनचा इतिहास मी फार उशिरा वाचला. लेव्हिट कंपनीनं ती घरं फक्त गोऱ्यांना विकली होती. १९५७ मध्ये मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं तर घराबाहेर जमाव जमला, दगड पडले. आजी तेव्हा विशीतल्या असणार. कदाचित तिथे नसतीलही. मी उगाच हिशोब करते.

पेनसिल्व्हेनिया हिलरीनं नऊ टक्क्यांनी जिंकलं, दोन लाखांवर मतांनी, आणि प्रतिनिधी मिळाले ८५ विरुद्ध ७३. त्या रात्री मी शिरा केला. नवऱ्यानं दोनदा घेतला, तेवढा तो उदार आहे. मग ८ मेला 'यूएसए टुडे'मधली तिची मुलाखत आली. कष्टकरी, गोरे अमेरिकन ओबामांपासून दूर जातायत, आपल्याकडे येतायत, अशा अर्थाचं ती बोलली होती. नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आकडेच सांगतेय ती, खोटं काय त्यात?" त्याला वाटलं मी तिची बाजू घेतेय.

त्यानंतर वहीत लिहिलं नाही, असं सांगायला आवडलं असतं. लिहिलं. ३१ मेला, पक्षाचे नियम मोडून लवकर मतदान घेतलेल्या मिशिगन-फ्लोरिडाचा निवाडा होत होता, तिथल्या प्रत्येक प्रतिनिधीला अर्धं मत, तेव्हा दिवसभर टीव्हीसमोर होते आणि पक्षाच्या त्या नियम समितीला शिव्या घालत होते. ७ जूनला तिनं माघारीचं भाषण केलं, तेव्हा रडलेही. ते रडणं खरं होतं. आजींमुळे माझी निष्ठा ढळली, असली सोयीची गोष्ट माझ्याकडे नाही. फक्त पक्षाचा रकाना समोर आला की हात थांबतो. नोव्हेंबरात थांबत नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही, आणि एकदा भरून टाकला अर्ज तर कदाचित काहीच होणार नाही.

अण्णांना मात्र मी हे एकदा फोनवर सांगितलं, ते जायच्या वर्षभर आधी. ससा, हात, थँक यू, सगळं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाले, "आणि म्हातारी गेली का मतदानाला?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"अगं, मग बघायचं नाही का," अण्णा म्हणाले.