दोन पालींसाठी दोन मजली घर

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधील आमच्या घरी दोन लेपर्ड गेको येणार हे ठरले, तेव्हा साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आई एवढेच म्हणाली, "अगं, घरात पाल दिसली की आपण केरसुणी घेऊन धावतो, आणि तू ती विकत आणतेस?" लेपर्ड गेको ही पालच असली, तरी तिच्या बोटांना भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या नसतात आणि डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात, त्यामुळे ती काचेवर चढत नाही आणि आपल्याकडे पाहून सावकाश डोळे मिटते, हे मी तिला समजावले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या भागात ही जात आढळते. तिची एक बहीण महाराष्ट्रात आणि गुजरातमध्येही राहते, पण रानातल्या त्या पालीला पकडून घरी आणण्याचा विचार कुणी करू नये. आमच्या दोन्ही माद्या पाळीव वंशातल्या, इथेच अंड्यातून निघालेल्या आहेत. लेकीने त्यांची नावे तीळ आणि मोहरी ठेवली.

दोघींना एकाच पेटीत ठेवण्याचा मोह मी पहिल्याच दिवशी सोडला. माद्या एकमेकींशी उघडपणे भांडल्या नाहीत, तरी त्यांतली एक उबदार जागा आणि खाद्य बळकावून बसते आणि दुसरी हळूहळू वाळत जाते. लेपर्ड गेकोची चरबी शेपटीत साठते, त्यामुळे शेपटी बारीक झालेली लक्षात येईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून एकावर एक असे दोन कप्पे असलेले कपाट करायचे ठरले. प्रत्येक कप्पा ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच ठेवला. काचेच्या टाकीपेक्षा लाकूड उष्णता अधिक धरून ठेवते, आणि रात्री १६ अंशांवर उतरणाऱ्या आमच्या खोलीत मला तेच हवे होते.

सुतारकाम त्या मानाने सोपे गेले. १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड दुकानातच कापून घेतले, सांधे स्क्रूने आवळले आणि आतल्या कडा बुरशीनाशक नसलेल्या मत्स्यटाकीच्या सिलिकॉनने बुजवल्या. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचे तीन हात दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन आठवडे कपाट खिडकीपाशी उघडे ठेवले. चूक झाली ती काचांच्या बाबतीत. पुढच्या बाजूला खाचांमध्ये सरकणाऱ्या दोन-दोन काचा होत्या, आणि मी खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या तळापर्यंत तंतोतंत माप घेऊन त्या मागवल्या. वरची खाच मुद्दाम खोल असते, कारण काच आधी तिच्यात वर सारून मग खालच्या उथळ खाचेत उतरवायची असते. माझ्या काचांना वर जायला जागाच उरली नाही. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे चारही काचा ८ मिलिमीटर कमी उंचीच्या नव्याने घ्याव्या लागल्या.

खरे काम मात्र उष्णतेचे होते. या प्राण्याला पेटीचे एक टोक तापलेले आणि दुसरे थंड लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे फिरत राहून शरीराचे तापमान सांभाळतो. मी छताला हॅलोजनचा दिवा, त्याभोवती जाळी आणि खाली काळ्या पाटीच्या दगडाची फरशी ठेवली. दगडावर ३४ अंश आणि थंड टोकाला २५ अंश असा हिशेब होता. पेट्या आठवडाभर रिकाम्या चालवून पाहिल्या, आणि ते केले नसते तर काय झाले असते याचा विचारही नकोसा वाटतो. थर्मोस्टॅटचा संवेदक मी मागच्या भिंतीवर, दगडापासून दूर टांगला होता. तिथली हवा तापेना, म्हणून दिवा पूर्ण ताकदीने जळत राहिला आणि अवरक्त तापमापकाने दगडावर ४६ अंश दाखवले. संवेदक दगडालगत, पालीला ओढता येणार नाही असा घट्ट बसवल्यावर आकडा जागेवर आला.

दुसरा घोळ दोन मजल्यांमुळे झाला. दिसायला बरे म्हणून मी खालच्या कप्प्याचा दिवा डावीकडे आणि वरच्याचा उजवीकडे लावला होता. खालच्या दिव्याने तापलेले छत म्हणजे वरच्या कप्प्याची जमीन, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. परिणामी वरच्या कप्प्याचे थंड म्हणवणारे टोक २९ अंशांवर जाऊन बसले. शेवटी वरचा दिवा डावीकडे आणला आणि वायरसाठी पाडलेले जुने भोक लाकडी खुंटी ठोकून बुजवले. ती खुंटी अजूनही ठळक दिसते.

आत सामान मोजकेच आहे: माती आणि वाळूच्या मिश्रणाचा थर, दोन्ही टोकांना लपायला एकेक कोनाडा, आणि मध्यभागी झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, ज्यात ओले शेवाळ भरलेले असते. हा डबा मला सर्वांत आवश्यक वाटतो. कात टाकताना ओलावा कमी पडला, तर जुनी कातडी बोटांभोवती दोऱ्यासारखी आवळते आणि रक्तपुरवठा तुटून बोट गळते. तिसऱ्या आठवड्यात मोहरी फिकट, पिठात लोळल्यासारखी दिसू लागली, रात्रभर डब्यात बसली आणि सकाळी वीसही बोटे स्वच्छ घेऊन बाहेर आली. कात कुठेच सापडली नाही, कारण ती स्वतःच खाऊन टाकते. आईला हे अजून सांगितलेले नाही.

आता एकच तक्रार उरली आहे. दोघी उकरतात तेव्हा वाळू खालच्या खाचेत पडते आणि काच सरकवताना दात करकरल्यासारखा आवाज येतो, म्हणून दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन खाच साफ करायला बसावे लागते, आणि तीळ दगडावरून ते पापण्या अर्ध्या मिटून पाहत असते.